पहिल्या तासाची पेंग

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्री मुक्कामाला आलेली एसटी पहाटे परत निघते, तेव्हा तिच्यात साधारण तीन तऱ्हेची माणसं असतात. तालुक्याच्या दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीचे कामगार आणि कॉलेजची पोरं. म्हातारी माणसं बोलत असतात, कामगार मोबाईल बघत असतात आणि पोरं झोपलेली असतात. कुणाचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, कुणाचं पुढच्या सीटच्या दांडीवर, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर बिनधास्त. स्टँड आलं की कंडक्टरच हाक मारून उठवतो.

यानंतर साडेसात-पावणेआठला पहिला तास. तिथेही मागच्या दोन बाकांवर उरलेली झोप पुरी होते. प्राध्यापकांच्या लेखी हा आळस, घरच्यांच्या लेखी रात्रभर मोबाईल बघण्याचा परिणाम. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलाची झोप कशी चालते, हे पाहिलं तर पहिल्या तासाची पेंग ही एकट्या त्या पोराची करामत नाही, हे लक्षात येतं. त्यात घड्याळाचा वाटा आहे, एसटीच्या वेळापत्रकाचा आहे, शेतातल्या रात्रीच्या लाईटचा आहे आणि कॉलेजच्या वेळापत्रकाचाही आहे.

झोपेची काळजी आपल्या सरकारने अलीकडेच एकदा केली, ती मात्र वेगळ्याच वयासाठी. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायला हव्यात, असं जाहीर कार्यक्रमात म्हटलं. फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाचा आदेश निघाला : चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगला. गंमत अशी की सहा-आठ वर्षांचं मूल मुळातच लवकर झोपणारं आणि लवकर उठणारं असतं. सुट्टीच्या दिवशी सगळं घर झोपलेलं असताना तेच आधी उठून बसतं. ज्यांच्या अंगातलं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ती मुलं कॉलेजात आहेत आणि त्यांच्याबद्दल आदेशात काहीच नाही.

हे घड्याळ किती उशिरा चालतं, याचं चांगलं उत्तर म्युनिकच्या टिल रोनेनबर्ग यांनी 2004 मध्ये दिलं. सुमारे 25 हजार लोकांच्या झोपेच्या वेळा त्यांनी तपासल्या. ज्या दिवशी उठायची सक्ती नसते, त्या दिवशी माणूस कधी झोपतो आणि कधी उठतो, हे त्यात पाहिलं होतं. वयात येताच ही वेळ पुढे सरकायला लागते आणि विशीच्या आसपास सर्वांत उशिराची होते : मुलींमध्ये साधारण साडेएकोणीस, मुलांमध्ये एकविसाच्या आसपास. त्यानंतर ती पुन्हा हळूहळू मागे येते. म्हणजे एफवाय ते टीवाय ही तीन वर्षं नेमकी त्या शिखरावरची. आजोबा पहाटे चारला उठतात आणि नातू आठला उठत नाही, यात संस्काराइतकाच शरीराचाही भाग आहे.

झोप दोन गोष्टींवर चालते. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. जितकं जागरण तितका त्याचा दाब जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे असलेला पेशींचा एक छोटा पुंजका. हेच शरीराचं मुख्य घड्याळ. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, याचा उलगडा केल्याबद्दल 2017 चं वैद्यकाचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. ते घड्याळ रोज सकाळच्या उजेडावर लावून घेतलं जातं, मनगटावरच्या घड्याळावर नव्हे.

आणि बारामती-इंदापूरच्या मनगटांवरचं घड्याळ इथलं नाहीच. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे प्रयागराजच्या बाजूची. बारामती त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर बारामतीचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे आहे. सकाळी साडेसातचा तास सूर्याच्या हिशेबाने सातचाच. जानेवारीच्या मध्यावर इथे सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर. तोवर पहिली एसटी अर्ध्याहून जास्त वाट कापून आलेली असते. (1906 मध्ये ही प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी बरीच खळखळ केली आणि 39 मिनिटं मागे असलेली जुनी ‘मुंबई वेळ’ 1955 पर्यंत टिकवली. तेव्हा तो अभिमानाचा प्रश्न होता. झोपेच्या बाजूने कुणी बोललं नाही.) भारतातल्या मुलांवर मौलिक जगनानी यांनी केलेल्या अभ्यासात घड्याळ आणि सूर्य यांच्यातल्या या फरकाचा परिणाम मोजलेला दिसतो. जिथे सूर्य तासभर उशिरा मावळतो, तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात. सूर्य उशिरा मावळला म्हणून रात्री झोपायला उशीर होतो, शाळा मात्र सगळीकडे एकाच घड्याळाने भरते.

आता रात्रीकडे येऊ. त्यासाठी ही मुलं इथे कशी आली आणि कुठे राहतात, ते आधी पाहू. बारामतीत 1962 साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालं, 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं, शारदानगरला शेती आणि मुलींच्या शिक्षणाचा मोठा परिसर झाला, 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूर, भिगवण, भवानीनगर या पट्ट्यातही कॉलेजं झाली. साखर कारखान्यांचा आणि बागायतीचा हा भाग दोन पिढ्यांत विद्यार्थ्यांचा भाग झाला. होस्टेलवर, तिघाचौघांत घेतलेल्या खोलीवर, पत्र्याच्या शेडमध्ये आणि गावाकडच्या घरी अशी ही मुलं विखुरलेली असतात. प्रत्येकाची रात्र वेगळी.

खोलीवर राहणाऱ्याची रात्र उघड आहे. एकाला आठला झोप येते, दुसऱ्याला दोनला, दिवा एकच. रोजच्या दीड जीबीचा उरलेला डेटा बाराच्या आत संपवायचा असतो आणि बारा वाजले की नवा मिळालेला असतो. मोबाईलच्या निळ्या उजेडाची चर्चा खूप होते, पण त्याचा बाऊ जरा जास्तच झाला आहे. 2015 च्या एका गाजलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी चार-चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा दहा मिनिटं जास्त लागली. दहा मिनिटांनी कुणाचं वर्ष वाया जात नाही. मोबाईल झोप खातो तो उजेडाने कमी आणि ‘अजून एक रील’ म्हणत नेलेल्या दीड तासाने जास्त.

अभ्यासिकेत बसणाऱ्याचं वेगळं. बारामती-इंदापुरात एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत उघड्या अभ्यासिका आहेत. पदवीचं शिक्षण आणि स्पर्धापरीक्षा एकाच वेळी चाललेली असते. तिथे कोण किती वाजेपर्यंत बसलं, यावर माणसाची किंमत ठरते. पोलीस भरतीवाल्याला तर पहाटे पाचला ग्राउंडही गाठायचं असतं.

गावाकडे राहणाऱ्याच्या झोपेचा हिशेब मात्र शहरातल्या कुठल्याही पाहणीत येत नाही. शेतीपंपांना थ्री फेज वीज मिळते ती आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला पाणी द्यायला, दारं धरायला कुणीतरी जावंच लागतं. वडिलांचं वय झालेलं, गडी परवडत नाही, मग कॉलेजचं पोरगं बॅटरी घेऊन निघतं. साप-विंचवाची भीती असते, आता बिबट्याचीही. ठिबक आणि मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आल्याने काहींची सुटका झाली, पण पाटपाण्याचं आवर्तन आलं की ते रात्र-दिवस बघत नाही. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू केली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. ही योजना ऊर्जा खात्याची. तिच्या फायद्यांत विद्यार्थ्यांची झोप कुणी मांडत नाही, मांडायला हरकत नाही.

त्यात साखर कारखान्यांचा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्याने चाललेल्या असतात आणि जागं राहण्यासाठी चालकाने लावलेली गाणी रस्त्याकडेच्या प्रत्येक खोलीत ऐकू येतात. पुढे परीक्षांचे दिवस आले की उकाडा. झोप लागण्यासाठी शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ते मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही.

हे सगळं मिळून दिवसा किती झोप येते, हे मोजायचं साधं साधन आहे. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातले डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये आठ प्रश्नांची पट्टी तयार केली. वाचत बसल्यावर, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसल्यावर, गाडीतून तासभर प्रवास करताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि रहदारीत गाडी दोन-चार मिनिटं थांबल्यावर डोळा लागण्याची शक्यता किती, ते शून्य ते तीन गुणांत सांगायचं. बेरीज 24 पैकी. दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त आहे. शेवटचा प्रश्न इंदापूरकराला विचारायचा तर कारखान्याच्या गेटवर उसाच्या रांगेत अडकलेली गाडी डोळ्यापुढे आणावी लागेल. त्या रांगेत डोळा लागला तर फार मनावर घेऊ नये, बोलता-बोलता लागला तर घ्यावं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. थकवा वेगळा आणि झोप वेगळी. थकलेल्या माणसाला बसावंसं वाटतं, पण पडलं तरी झोप लागेलच असं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. वर्गात मलूल बसलेली मुलगी रात्री जागली म्हणूनच तशी आहे असं धरून चालणं चूक. तिचं हिमोग्लोबिन तपासलेलं बरं. घोरणं, थायरॉइड, नैराश्य आणि काही औषधं यांचाही विचार डॉक्टर करतात.

अपुऱ्या झोपेची खरी अडचण अशी की ती ज्याची त्याला कळत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. धडधाकट माणसांच्या गटांना 14 रात्री अनुक्रमे आठ, सहा आणि चार तास झोपू दिलं. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं लक्ष दिवसागणिक ढासळत गेलं आणि दोन आठवड्यांनी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकं उतरलं. त्यांना विचारलं तेव्हा मात्र झोप काही फार येत नाही, आता सवय झाली, असंच ते सांगत होते. ‘मला सहा तास पुरतात’ हे वाक्य कॉलेजात फार ऐकू येतं. ते खोटं बोलत नसतात, त्यांना ठाऊक नसतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री ‘नाईट मारणं’ ही तर जुनी परंपरा. तिची परीक्षा एमआयटीतल्या जेफ्री ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी घेतली. निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. रसायनशास्त्राच्या एकाच वर्गातल्या शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे बांधले आणि सत्रभर नोंद ठेवली. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा आणि गुणांचा संबंध सापडला नाही. त्याआधीच्या आठवड्यांतली आणि महिन्याभरातली झोप मात्र गुणांशी चांगलीच जोडलेली होती. शिवाय रात्री दोननंतर झोपणाऱ्यांची कामगिरी, ते नंतर तेवढेच तास झोपले तरी, घसरलेली दिसली. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे डेव्हिड क्रेसवेल यांच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाशेहून अधिक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची झोप अशाच पट्ट्यांनी मोजली होती : सरासरी साडेसहा तास. सत्राच्या सुरुवातीला सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांचे गुण सत्र संपताना स्पष्ट खाली आले. या वयाला सात ते नऊ तास लागतात, असं तज्ज्ञ सांगतात.

झोपेत अभ्यास पक्का होतो, ही गोष्ट शंभर वर्षांची जुनी. 1924 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. पाठांतरानंतर झोपल्यावर जेवढं आठवलं, तेवढं तितकाच वेळ जागं राहिल्यावर आठवलं नाही. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासांची. सुरुवातीला गाढ झोप जास्त, स्वप्नांची झोप बहुतांश पहाटे. त्यामुळे पाचला गजर लावून शेवटचे दोन तास तोडले, तर कापली जाते ती मुख्यत्वे स्वप्नांची झोप. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको : वर कुणी पाणी ओढलं की खाली कोरडंच.

रविवारी दुपारी बारापर्यंत झोपून हा हिशेब चुकता होतो, अशी समजूत आहे. थोडा होतोही. पण रविवारी बाराला उठलेल्याला रात्री एकपर्यंत झोप येत नाही आणि सोमवारी पाचला एसटी गाठायची असते. दर आठवड्याला परदेशी जाऊन यावं तसा हा प्रकार. रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्याला ‘सोशल जेटलॅग’ असं नावच दिलं. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपावं, चार तास नव्हे.

आणि दुपार? एक ते तीनच्या दरम्यान येणारी पेंग नुसती जेवणाची नसते. शरीराचं घड्याळच त्या वेळी किंचित उतरतं, उपाशी माणसालाही ते जाणवतं. वामकुक्षीवरून पुणेकरांची चेष्टा करणाऱ्यांनी चेन्नईचा प्रयोग वाचावा. फ्रँक शिलबाख, हेदर स्कोफिल्ड आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी तिथे डेटा एंट्रीचं काम करणाऱ्या 452 जणांची झोप मोजली. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणावर असत आणि झोपत साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज यांनी झोपमोड होत राही. डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, पंखे, पैशांचं आमिष यांनी रात्रीची झोप 27 मिनिटांनी वाढली, पण कामात फरक पडला नाही. कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास झोपू दिलं तेव्हा मात्र काम सुधारलं, मन ताजं राहिलं, बचतही थोडी वाढली. डुलकीचा वेळ कामातून वजा होत असल्याने एकूण कमाई वाढली नाही, हेही त्यांनी नोंदवलं. 2021 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

कॉलेजच्या मुलाला यातून घेण्यासारखं सोपं आहे. दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. तास-दोन तास ताणून दिली तर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही पुढे जाते.

चहाने काही काळ निभतं. कॅफिन अडेनोसिनची जागा अडवून बसतं. झोपेचा दाब तसाच राहतो, नुसता जाणवत नाही. घेतलेल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही रक्तात असतो, म्हणून रात्री दहाचा कटिंग तीन वाजेपर्यंत पुरतो. एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या आता वाडीवरच्या टपरीतही मिळतात. शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या अशा पेयांच्या विक्रीवर बंदी घालण्याची घोषणा राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये केली. अभ्यासिकेबाहेरच्या टपरीचा विषय त्यात नाही.

मग कॉलेज उशिरा भरवावं का? अमेरिकेत सिॲटल शहराने 2016 मध्ये हायस्कूलची वेळ 7.50 वरून 8.45 वर नेली. मुलं उशिरा झोपून ती मिनिटं वाया घालवतील, अशी शंका होती. प्रत्यक्षात ती रोज 34 मिनिटं जास्त झोपली. कॅलिफोर्नियात तर 2022 पासून कायद्यानेच हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाही.

बारामतीत हे जसंच्या तसं जमणार नाही, याची कारणंही खरी आहेत. एकाच इमारतीत दोन सत्रं भरतात. सकाळी कॉलेज उरकलं की दुपारी शेतात, दुकानात किंवा कमवा व शिका योजनेच्या कामावर जाता येतं. अनेकांचं शिक्षण त्या दुपारवर चालतं. एसटीच्या फेऱ्या ठरलेल्या. उन्हाळ्यात दुपारचे वर्ग म्हणजे वेगळी शिक्षा. सकाळचं सत्र बंद करा, असं म्हणणं पुण्या-मुंबईच्या खोलीत बसून सोपं आहे.

पण वेळापत्रक दर जूनमध्ये नव्याने लागतंच. पहिला तास साडेसातऐवजी सव्वाआठला सुरू करणं, अंतर्गत चाचण्या आणि गणितासारखे विषय पहिल्या तासाला न ठेवणं, लांबून येणाऱ्यांच्या तुकड्यांना प्रात्यक्षिकं उशिराची देणं, पहिल्या गाडीच्या वेळेबाबत आगारप्रमुखांशी एकदा बोलणं, ग्रंथालयात दुपारी अर्धा तास मान टेकायला हरकत नाही असं ठरवणं : यातल्या कशालाही मंत्रालयाची परवानगी लागत नाही आणि पैसा जवळपास लागत नाही. बारामती-इंदापूरच्या प्राचार्यांनी येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावायला बसण्याआधी एवढं करावं : पहिल्या तासाच्या मुलांना एपवर्थची आठ प्रश्नांची पट्टी भरायला द्यावी. दोन मिनिटांचं काम आहे. बेरीज बघून मग वेळा ठरवाव्यात.